चंद्रिकाच्या दिव्याचे सेल

घोणस चिडली की कुकरची शिट्टी अडकावी तसा फुत्कार सोडते. तो आवाज चंद्रिकाला समोरच्या पोत्यांमागून येत होता आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या कपाळावरचा दिवा पिवळा पडला, लुकलुकला आणि गेला.

पेंडीचं गोदाम होतं ते. पोत्यांच्या दोन थप्प्यांमधली बोळ जेमतेम एका माणसापुरती. तिच्या एका हातात साप उचलायचा हुक, दुसऱ्या हातात तोंडाला पाइप बांधलेली पिशवी. दिवा कपाळावर असायचा तो दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणूनच.

ती हलली नाही. पाय जिथं होते तिथंच ठेवून तिनं आवाज दिला, "शेठ, दिवा गेला. शटर पूर्ण वर करा. आत कुणी यायचं न्हाय."

शटर खडखडत वर गेलं, संध्याकाळचा उरलासुरला उजेड बोळीत आला, तोवर घोणस गटाराच्या भोकातून पसार झाली होती. कुणाला काही झालं नाही. पण दारातल्या एकानं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. चित्रात नुसता काळोख आणि त्यात चंद्रिकाचा आवाज, "दिवा गेला." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती क्लिप अर्ध्या सोलापुरात फिरली. खाली हसणारी पिवळी तोंडं आणि एकाची ओळ: बाई, घरी जाऊन दिवाबत्ती करा.

चंद्रिका राहायची भवानी पेठेत. पोटाला टॉवेल शिवायचं काम. कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे यायचे, ती घरच्या मशीनवर कडा शिवून परत द्यायची. नवरा शरणबसव टेम्पो चालवायचा. काही वर्षांपूर्वी गल्लीत लोकांनी एक धामण दगडांनी ठेचली होती. उंदीर खाऊन जगणारा बिनविषारी साप, आणि तिच्यापायी पंचवीस माणसं काठ्या घेऊन. चंद्रिका मध्ये पडली, पण उशीर झाला होता. त्या महिन्यात ती सर्पसाथी मंडळात गेली, साप धरायला शिकली, वनखात्याचं ओळखपत्र काढलं. मंडळात ती एकटीच बाई.

रविवारी मंडळाची बैठक झाली. प्रमुख अभिमन्यू. त्याच्या टायरच्या दुकानाच्या माडीवर सगळे गोल बसलेले.

"चंद्रिकाताई, तुमच्या धाडसाबद्दल प्रश्नच नाही," तो म्हणाला. "पण त्या क्लिपमुळं मंडळाचं नाव खराब झालं. म्हणून ठरवलंय, दिवस मावळल्यावरचे फोन तुम्ही घ्यायचे नाहीत. दिवसा या की खुशाल."

"हा नियम सगळ्यांना हाय?"

"नाही... तुमच्यासाठीच. काळजीपोटी."

"मग नियम कशाला म्हणताय? बंदी म्हणा की."

दोघातिघांनी मोबाइल काढले.

"ताई, तसं मनाला लावून घेऊ नका," अभिमन्यू म्हणाला.

"मागं तुमचा हुक मोडला, नाग हातातनं निसटून शेजाऱ्याच्या न्हाणीत गेला. तवा तुमाला कुणी घरी बसवलं न्हाय. हुक बदलला, झालं. माझा दिवा गेला तर मलाच बदलायला निघालाय?"

अभिमन्यूचा चेहरा उतरला, पण त्यानं शब्द मागं घेतला नाही. "मंडळाचा निर्णय झालाय," एवढंच म्हणाला.

"माझा झाला न्हाय," चंद्रिका म्हणाली आणि जिना उतरली.

घरी सासरे मल्लप्पा ओट्यावर बसले होते. आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहिलेला माणूस. कान मंद झालेले, पण क्लिपची बातमी बरोबर ऐकू आलेली. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. सासऱ्यांचं बोलणं मात्र निकालाच्या वेळी कानडीवर यायचं.

"बेड, चंद्रिका," ते म्हणाले. नको. "लोक हसायलेत. बास कर आता."

"हसू द्या की मामा. हसणाऱ्यांच्या घरात साप निघाला की मलाच फोन करत्यात."

ती आत गेली, पोळपाटावर जुना टॉवेल पसरला आणि दिव्याचं झाकण उघडलं. आत तीन सेल, रिमोटला लागतात तसले बारके. दोन एकसारखे, तिसरा भलत्याच रंगाचा. तिसरा तिनं घातलाच नव्हता.

"सई!"

नववीतली सई दारात आली. तिनं सेल बघितला आणि तिथंच थांबली. "रिमोट चालत न्हवता गं. आज्जाची मालिका चालू होती. दिव्यातला एक काढून रिमोटला घातला, रिमोटचा ह्यात. मला वाटलं, एकानं काय होतंय?"

ओट्यावर मल्लप्पा एकदम आभाळ न्याहाळायला लागले.

चंद्रिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्या बापाच्या टेम्पोची बॅटरी काढून कुणी मिक्सरला लावतं का ह्या घरात? न्हाय की! का? तर ते कामाचं. मग हे काय खेळणं हाय? मेलेला सेल दोन धडक्या सेलांनापण घेऊन बसतो. त्या बोळीत मी उभी होते, सई. घोणस समोर."

सईचे डोळे भरले. उरलेले दोन सेल चंद्रिकानं उजेडात धरले, तर त्यांच्याही बुडाला पांढरी पूड आलेली, एक जरासा फुगलेला. म्हणजे सगळं पोरीवर ढकलून चालणार नव्हतं. दिवा कायम स्कूटरच्या डिकीत पडून असायचा, आणि सोलापूरच्या उन्हात ती डिकी म्हणजे भट्टीच.

"रडू नकोस," ती म्हणाली. "पाणी पी आणि माझ्यासोबत चल. नवीन सेल आणायचेत. ह्या वेळी नीट बघून."

नव्या पेठेत जोतिरामचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. त्यानं काचेवर एकेक पाकीट मांडलं. स्वस्तातले साधे. त्याहून बरे अल्कलाइन. चार्ज होणारे. चार्ज न होणारे पण लई टिकणारे लिथियमचे. शेवटी त्यानं खालच्या कप्प्यातनं एक वेगळाच सेल काढला.

"वहिनी, हा घ्या. मापाला तेवढाच, पण ताकद बघा. लावला की डोळे दिपतील."

चंद्रिकानं सेल फिरवून वाचला. तीन पॉइंट सात व्होल्ट. मग दिव्याचं झाकण उघडून आतली बारीक अक्षरं वाचली. तिथं प्रत्येक सेलासाठी दीड लिहिलं होतं.

"मापाला बसला म्हणून चालेल व्हय? ह्यात दीडचा लिहिलाय, तुमचा दुपटीच्या वर."

"कोण बघतंय एवढं? लोक लावत्यात की."

"दिवा जळला तर लोक येणारेत का माझ्या जागी उभं राहायला? ठेवा तो आत."

जोतिराम हसला आणि सेल परत कप्प्यात टाकला. बाकीच्यांतलं एकेक पाकीट तिनं घेतलं, एक चार्जरही घेतला.

शेजारच्या इमारतीत वेणीमाधव कुलकर्णी राहायचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, दुपारी कुणी गप्पांना आलं की खूश. चंद्रिकानं पाकिटं त्यांच्यासमोर ओतली.

"काका, ह्यातला चांगला कुठला?"

"कशासाठी चांगला? घड्याळाला एक चांगला, खेळण्याला दुसरा. तुम्हाला काय हवंय?"

चंद्रिकानं विचार केला. गोदामातली ती बोळ तिला आठवली. दिवा पिवळा पडल्यापासून विझेपर्यंत मिळालेला तेवढासा वेळ.

"उजेड किती, ते आलंच. पण विझताना तो कसा विझतो, ते मला कळायला पायजे. आणि डबीत पडून राहिला तर आयत्या वेळी चालतो का, ते."

काकांनी चष्मा काढून पुसला. "हे मी तोंडी सांगू शकतो. पण तुमच्या दिव्यात, तुमच्या घरात बघितलंत, तर तुमचा त्यावर विश्वास बसेल. अंधारी खोली आहे?"

जिन्याखाली सामानाची कोठी होती. चंद्रिकानं भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, दिवा खुंटीला अडकवला आणि एकेका जातीचे सेल आळीपाळीनं लावले. टॉवेलाचा एक गठ्ठा संपला की ती उठून कोठीत जायची, दाराशी उभी राहून छोट्या जाहिराती वाचता येतात का बघायची. सई शाळेतून आली की तीही वाचायची. चार दिवस हेच चाललं. शरणबसव जेवताना म्हणाला, "घरात दिवा लावायचा आन् कोठीत कोंडून ठेवायचा. लोक येडं म्हणतील."

"ते कवाच म्हणून झालंय," चंद्रिका म्हणाली.

साधे सेल पहिल्या दिवशीच मान टाकून बसले. अल्कलाइन सावकाश उतरले. आधी जाहिराती दिसेनाशा झाल्या, मग बातम्या, आणि मोठे मथळे तर रात्री झोपेपर्यंत दिसत होते. विझायच्या आधी सावध करणारे सेल होते ते. पण डिकीतल्या उन्हात पांढरी पूड सोडणारेही तेच. चार्ज होणारे बराच वेळ एकसारखा लख्ख उजेड देत राहिले आणि मग, सई समोर उभी असतानाच, बघता बघता गेले.

"आई गं!" सई कोठीतून ओरडली. "आत्ता होता की!"

काकांनी एवढंच सांगितलं की चार्ज होणाऱ्यांत दोन जाती असतात. एक पडून राहिली की आपोआप रिकामी होते, दुसरी महिनोन्महिने भरलेली राहते, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. आणि लिथियमचे सेल, कोठीत सगळ्यांत जास्त टिकलेले, कितीतरी वर्षं पडून राहिले तरी शाबूत.

चंद्रिकानं ठरवलं ते असं: दिव्यात शेवटपर्यंत लख्ख उजेड देणारे आणि पडून राहिले तरी भरलेले राहणारे चार्जचे सेल, दर सोमवारी भरायचे. कमरेला अडकवायच्या डबीत जादा म्हणून लिथियमचे, न वापरलेले. तिन्ही सेल एकदम बदलायचे, एकेकटा कधीच नाही. दिवा डिकीत ठेवायचा नाही, घरात फडताळात, आणि रिमोटचे सेल दुसऱ्या डब्यात. मल्लप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं हे सगळं घरात सांगितलं.

मंडळाकडून तिला दिवसाचेसुद्धा फोन येईनासे झाले. मंडळाच्या मोबाइलवरच्या गटावर कामं वाटली जायची, तिचं नाव कुठंच नसायचं. मग महिनाभरानं एका संध्याकाळी थेट तिच्याच नंबरवर फोन आला. कमलम्मा, पलीकडच्या वस्तीतल्या पद्मशाली विणकर बाई. मागे एकदा चंद्रिकानं त्यांच्या मोरीतून साप काढला होता. त्या घाबरल्या की मराठीत तेलुगू मिसळायच्या.

"चंद्रिका, रा अम्मा, ये गं लवकर! सुताच्या खोलीत नाग हाय. खड्ड्यात गेला."

चंद्रिकानं फडताळातून दिवा घेतला. मल्लप्पा ओट्यावर होते. बाहेर दिवेलागण झाली होती.

"अंधार पडायलाय," ते म्हणाले.

"व्हय मामा. म्हणूनच दिवा घेतलाय."

निघायच्या आधी तिनं मंडळाच्या गटावर चार शब्द टाकले: कमलम्मांकडे नाग, मी जातेय. लपवून जायचं तिला मान्य नव्हतं.

कमलम्मांच्या सुताच्या खोलीत एका कोपऱ्यात जुन्या हातमागाचा, विणकरानं पाय सोडून बसायचा खड्डा होता. माग केव्हाच मोडीत गेलेला. खड्ड्यावर फळ्या टाकून वर सूत गुंडाळलेल्या कोनांची पोती रचलेली. छताच्या बल्बचा उजेड फळ्यांपर्यंतच पोचायचा. एका फटीतून नाग खाली उतरलेला कमलम्मांच्या सुनेनं बघितला होता.

चंद्रिकानं माणसं दाराबाहेर काढली. मग एकेक पोतं हुकानं जरा हलवून, खाली काही नाही बघून, ओढून बाजूला ठेवायला लागली. घाई करायची सोय नव्हती. पोत्यांमागं नाग परत वर आलेला असू शकत होता. घामानं तिचा कुडता पाठीला चिकटला, सुताची धूळ नाकात गेली. दिवा मात्र सुरुवातीला होता तसाच होता, पांढरा लख्ख. शेवटी फळ्या उघड्या पडल्या. तिनं एक फळी सरकवली आणि आत डोकावली. तळाशी चिंध्यांच्या ढिगात काळसर वेटोळं दिसलं. ते पलीकडच्या टोकाला होतं, गुडघ्यावर बसून वरून हुक पोचत नव्हता. खाली उतरावं लागणार होतं.

ती उठली आणि दाराशी आली. कमरेची डबी काढली, दिवा उघडला आणि तिन्ही सेल बदलायला घेतले.

"चालू हाय की दिवा," दारातला एक जण म्हणाला. "बदलता कशाला?"

तेवढ्यात गर्दीतून अभिमन्यू पुढं आला. गटावरचा निरोप वाचून मोटारसायकलवर आला असणार, हातात भलामोठा टॉर्च.

"ताई, बाहेर या. हे काम मी बघतो."

"माझं अर्धं झालंय."

"मग थांबलात कशाला? घाबरलात?"

दारातले दोघे हसले. चंद्रिकानं तिसरा सेल दाबून बसवला, झाकण लावलं, दिवा दोनदा चालू-बंद करून बघितला.

"काढले ते सेल विझताना सांगत न्हाईत," ती म्हणाली. "किती उरलेत ते मला ठाऊक न्हाय, म्हणून भरलेले घालून उतरणार. ह्याला तुमी घाबरणं म्हणत असाल तर म्हणा. पण उतरणार मी. फोन मला आलाय, सापाची जागा मी बघितलीय, आणि कार्ड माझ्याही गळ्यात हाय."

"मंडळाचा निर्णय..."

"मंडळाचा निर्णय तुमच्या माडीवर. हितं कमलम्माचं घर हाय. कमलम्मा, कोण उतरू?"

कमलम्मांनी पदर तोंडावर धरला होता. तो बाजूला करून त्या म्हणाल्या, "तू गं. तुलाच बोलावलं की मी."

चंद्रिका खड्ड्यात उतरली. खड्डा कमरेएवढा, एका कोपऱ्यात पाय ठेवायला जागा. नाग उठला. फणा काढून त्यानं दिव्याकडं तोंड केलं आणि डुलायला लागला. दिव्याच्या उजेडात फण्याखालचा काळा पट्टा स्वच्छ दिसत होता, चिंध्यांचा धागान् धागा दिसत होता. तेवढ्यात वरून टॉर्चचा झोत आला आणि खड्डाभर सावल्या नाचल्या. नागानं फणा वळवला.

"तो टॉर्च बंद करा!" ती वर न बघता म्हणाली. "मला माझा उजेड पुरतोय."

झोत क्षणभर तसाच राहिला. मग बंद झाला.

तिनं पाइपाचं तोंड चिंध्यांलगत टेकवलं आणि वाट बघितली. हुकानं शेपटीकडून हळूच उचललं, सोडलं, परत उचललं. नागाला अंधारं भोक हवं होतं आणि अंधारं भोक एकच होतं. त्यानं फणा मिटला, पाइपात डोकं घातलं, आणि मग सगळं लांबलचक अंग पाण्यासारखं आत वाहत गेलं. चंद्रिकानं पिशवीचं तोंड पिळलं आणि गाठ मारली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की आपण कितीतरी वेळ दातावर दात दाबून धरलेत.

वर आल्यावर अभिमन्यूनं हात पुढं केला. "द्या इकडं. सोडायचं मंडळ बघेल. नोंद मंडळाच्या नावानं होते."

"नोंद माझ्या नावानं होईल. वनरक्षकांना मी फोन लावते."

"ताई, असं केलंत तर मंडळात राहता येणार नाही."

"राहिले कुठाय? महिनाभर एक काम दिलं न्हाय तुमी मला." तिनं सर्वांसमोर मोबाइल काढला, गट उघडला आणि त्यातून बाहेर पडली. "झालं. तुमाला काढायचा त्रास नको."

अभिमन्यू रागावला होता, पण पिशवीच्या गाठीकडं त्याची नजर गेली आणि तो सवयीनं म्हणाला, "गाठीवर अजून एक पीळ मारा." चंद्रिकानं मारला. तेवढं त्याचं बरोबर होतं. मग तो मोटारसायकल घेऊन गेला.

वनरक्षक सकाळी उजाडताच शहराबाहेर भेटणार होते. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात पिशवी ठेवून, झाकण बांधून चंद्रिकानं डबा जिन्याखालच्या कोठीत ठेवला आणि कोठीला कुलूप घातलं. मल्लप्पांनी त्या रात्री ओट्यावर अंथरूण घातलं. विचारलं तर म्हणाले, आत उकडतंय.

पहाटे शरणबसवनं न सांगता टेम्पो काढला. शहराबाहेरच्या माळावर वनरक्षक थांबले होते. त्यांनी नोंद केली, फोटो काढला. चंद्रिकानं गाठ सोडली आणि पिशवी आडवी करून मागं सरली. नाग बाहेर आला, उन्हात जरा थबकला आणि कुसळी गवतातून खडकांच्या कपारीकडं निघून गेला. गवत हलायचं थांबेपर्यंत तिघंही बघत राहिले.

परत येताना पुलावरून उतरल्यावर शरणबसव म्हणाला, "मंडळ सुटलं. आता फोन कोण करणार तुला?"

"ज्याच्या घरात साप निघेल तो."

"आन् रात्री आला तर?"

"रात्री आला तर रात्री जाईन. तुमी टेम्पो काढलात तर तुमच्यासोबत, न्हाय तर स्कूटरवर."

शरणबसवनं गिअर बदलला. रस्त्यावर दुधाच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या.

"स्कूटर नको," तो म्हणाला. "मला उठव."

घरी टॉवेलाचा गठ्ठा येऊन पडला होता. चंद्रिकानं हात धुतले, चहा टाकला आणि मशीनवरचं कापड बाजूला केलं.